राउटर बंद करून बघायचं

बडोदा, दांडिया बाजार. रविवार, रात्र.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कित्येक भागांत वीज गेली, नेटही गेलं. अशा वेळी लॅपटॉपच्या बॅटरीवर जो गेम उघडतो, तो आपला म्हणायचा. ही परीक्षा घ्यायला पुराची वाट बघायला नको. राउटर बंद करायचा, मोबाइलचा हॉटस्पॉट बंद करायचा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करायचा. नुसतं झाकण लावून उघडलं तर मघाचं लॉगिन तसंच चालू राहतं आणि सगळं ठीक आहे असं उगाच वाटतं.

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या अॅपवर बहुतेक लोक एकाच जागी अडकतात. ऑफलाइन मोडची तयारी नेट असतानाच करावी लागते: लॉगिन जपून ठेवायचं, अपडेट पूर्ण होऊ द्यायचं आणि गेम निदान एकदा चालवून मुख्य मेनूपर्यंत जायचं. पहिल्या वेळी बऱ्याच गेममागे डायरेक्टएक्ससारखे जोडभाग बसतात. ते राहिले तर साठ जीबी उतरवूनही गेम उघडत नाही. डेनुव्हो हे कॉपी रोखणारं कुलूप असलेले गेम त्याहून किचकट. पहिल्यांदा उघडताना त्यांना सर्व्हरची परवानगी लागते, आणि प्रोसेसर बदलला किंवा गेम अपडेट झाला तर ती पुन्हा मागितली जाऊ शकते.

पुढची पायरी फार कमी जण करतात. गेमवर राइट क्लिक, मॅनेज, ब्राउज लोकल फाइल्स. मग स्टीम पूर्ण बंद करून त्या फोल्डरमधली ईएक्सई फाइल थेट चालवायची. स्टीम न उघडता गेम सुरू झाला, तर तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उचलून ठेवता येतो. असे गेम स्टीमवरही पुष्कळ आहेत. पेनड्राइव्ह मात्र एक्सफॅट या पद्धतीत फॉरमॅट करावा. फॅट३२ या जुन्या पद्धतीत चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि कॉपी मध्येच थांबते.

जीओजी या दुसऱ्या गेम-दुकानात ऑफलाइन इन्स्टॉलर सरळ मिळतो. मोठ्या गेमचा असेल तर एका ईएक्सईसोबत अनेक बिन फाइली येतात. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये हव्यात, एक राहिली की इन्स्टॉल अर्धवट पडतं. डीएलसी, म्हणजे गेमचे जादा भाग, वेगळे उतरवावे लागतात. खेळ कुठवर आला ते जपणाऱ्या सेव्ह फाइली यात नसतात; त्या बहुधा डॉक्युमेंट्स किंवा अॅपडेटा या फोल्डरमध्ये असतात, त्यांची प्रत निराळी काढायची.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर 'द क्रू' या गेमने दिलं. डिसेंबर २०१४ मध्ये तो विक्रीला आला. एकट्याने गाडी चालवायची तरी त्याला युबिसॉफ्ट या कंपनीचा सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचीही डिस्क निकामी झाली. सर्व्हर कायम चालवत बसा असं कोणी म्हणत नाही, ते महाग असतं. पण जाता जाता सर्व्हरची ती तपासणी काढून टाकणारा शेवटचा पॅच द्यायला हवा होता. तो देता येतो: 'द क्रू २' ला २०२५ मध्ये त्याच कंपनीने ऑफलाइन खेळायची सोय करून दिली. 'डूम'च्या निर्मात्यांनी तर १९९७ मध्येच त्याचा सोर्स कोड खुला केला, म्हणून तो आजही कुठल्याही नव्या मशीनवर चालवता येतो.

सयाजीरावांनी उभं केलेल्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तक आणताना ते परत द्यायचं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यात फसवणूक नाही. राग येतो तो 'विकत घ्या' या बटणाचा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून अशा ऑनलाइन दुकानाला स्पष्ट सांगावं लागतं की तुम्हाला फक्त परवाना मिळतो आहे. मात्र ज्याची कायमची ऑफलाइन प्रत उतरवता येते त्याला ही अट नाही. तेवढी एक ओळ आपल्याकडेही बटणाशेजारी, मराठी-गुजरातीत, पैसे भरायच्या आधी दिसायला हवी.