तुम्ही विचारलंत म्हणून: सुट्टी घेऊनही थकवा का जात नाही?

"आठ दिवस सगळं बंद ठेवून बाहेर जाऊन आलो. परत आल्यावर तीन दिवसांत पुन्हा तेच. आता धंदाच नको वाटतो. काय करू?" लहान व्यवसाय चालवणारे हा प्रश्न इतक्या वेळा विचारतात की एकदा नीट उत्तर लिहूनच टाकलेलं बरं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटचं वर्णन करताना त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने होणारी अवस्था म्हटलं आणि तीन खुणा दिल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काम होत नाही असं वाटणं. मालकाच्या बाबतीत दुसरी खूण ओळखायला सोपी असते. फोन वाजतो, स्क्रीनवर नाव वेळेवर पैसे देणाऱ्या चांगल्या गिऱ्हाइकाचं असतं, आणि तरी कपाळाला आठी पडते. (झोप उडाली असेल, कामाबाहेरही कशातच रस वाटत नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर हा लेख पुरणार नाही. आधी डॉक्टरांकडे जा.)

सुट्टीने शक्ती परत येते, पण धंद्याची घडण तशीच राहते. पाच-सात माणसांच्या धंद्यात बहुतेक वेळा प्रत्येक निर्णय एकाच डोक्यातून जातो. मालक नसताना निर्णय थांबतात, परत आला की साठलेले सगळे एकदम अंगावर येतात. पेंड अडते ती इथे.

रांगांचं एक गणित आहे. डॅनिश गणिती एरलांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉल्ससाठी त्याची सुरुवात केली. कामं ठरल्या वेळी न येता वाटेल तेव्हा येत असतील, कुठलं लवकर आटपत असेल आणि कुठलं लांबत असेल, तर साध्या एका रांगेत सरासरी किती थांबावं लागतं ते त्यावरून काढता येतं. समजा एका प्रश्नाला मालकाची सरासरी १० मिनिटं जातात. मालक निम्मा वेळ गुंतलेला असेल तर प्रश्न सरासरी १० मिनिटं थांबतो. ८० टक्के वेळ गुंतला तर ४० मिनिटं, ९० टक्क्यांना ९० मिनिटं, ९५ टक्क्यांना १९० मिनिटं. शेवटच्या दोन आकड्यांत काम जेमतेम साडेपाच टक्क्यांनी वाढलंय, रांग मात्र दुपटीहून लांब झाली आहे. 'पूर्वी इतकंच काम करायचो, तेव्हा असं होत नव्हतं' या तक्रारीचं उत्तर बरंचसं इथे सापडतं. यात एक दिलासाही आहे: थोडासा भार उतरला तरी फरक मोठा पडतो.

तर पहिलं काम म्हणजे एक वही. १० कामाचे दिवस, चार रकाने: वेळ, कोणी विचारलं, काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. चौथा रकाना लोक गाळतात आणि तिथेच घोळ होतो, कारण खरा माल त्याच रकान्यात आहे. नोंद तिथल्या तिथे करा. रात्री आठवून लिहिलं तर फक्त डोक्यात गेलेले प्रसंग आठवतात, साधे बावीस प्रश्न विसरले जातात. या १० दिवसांत कुठलीही सुधारणा करू नका, फक्त लिहा.

मग त्या नोंदींवर खुणा करा. ज्या प्रश्नाला तीनदा एकच उत्तर दिलंय तिथे नियम आधीच तयार आहे, तो फक्त तुमच्या डोक्यात अडकलाय. काही प्रश्न निव्वळ माहितीचे असतात: माल शिल्लक आहे का, अमुक ऑर्डर कधी द्यायची आहे. तिथे नियम नको, भिंतीवर दिसेल असा तक्ता हवा. उरलेले खरोखर मालकाचे. हा शेवटचा गठ्ठा अपेक्षेपेक्षा लहान निघतो आणि ते मनाला थोडं लागतं. लागू द्या.

नियम कसा लिहायचा? 'तक्रारी नीट हाताळा' हा नियम नव्हे. असा लिहा: "माल खराब निघाल्याची तक्रार आली, फोटो आहे, माल पोचून ७ दिवस उलटले नाहीत, वस्तूची किंमत ठरलेल्या रकमेच्या आत आहे. मला न विचारता बदलून द्या आणि रजिस्टरमध्ये लिहा. यातली एक जरी अट जुळत नसेल तर माझ्याकडे पाठवा." रक्कम ठरवताना स्वतःला विचारा: दर आठवड्याला असा एक निर्णय चुकला तरी महिन्याचा हिशेब कोलमडणार नाही, असा आकडा कोणता? तिथून सुरुवात करा. महिनाभर सुरळीत गेलं तर तो दुप्पट करा.

नियम मरतात ते दोन ठिकाणी. एक, कामगाराने नियमाप्रमाणे माल बदलून दिला आणि मालक सगळ्यांदेखत म्हणाला, "हे कशाला दिलंस?" दुसऱ्या दिवसापासून सगळे प्रश्न परत मालकाच्या टेबलावर. निर्णय पटला नाही तर तो तसाच राहू द्या आणि नियमाचा कागद बदला. दोन, गिऱ्हाईक सवयीने थेट मालकाला फोन करतं आणि मालक सवयीने उत्तर देतो. "हे काम त्या बघतात, जोडून देतो," एवढं म्हणायला जीभ जड होते, पण महिनाभर म्हणावंच लागतं.

कामाच्या पद्धतीचे कागद हा पुढचा टप्पा. इथे उत्साहाच्या भरात जाडजूड फाइल तयार होते आणि कपाटात जाते. एका कामाला एक पान पुरे. ते काम रोज करणाऱ्यानेच लिहावं. मग दुसऱ्या कोणी त्या पानावरून काम करून दाखवायचं आणि लिहिणाऱ्याने तोंड बंद ठेवून शेजारी उभं राहायचं. समोरचा जिथे अडला तिथे पेन्सिलीची खूण. त्या खुणा म्हणजे पानावर यायचं राहून गेलेलं ज्ञान.

तपासणी यादी ही याहून वेगळी चीज आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोइंगचं मॉडेल २९९ हे विमान चाचणीच्या वेळी उड्डाण होताच कोसळलं. जमिनीवर असताना सुकाणूचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली अडकण काढायची राहिली होती, आणि विमान कसलेल्या वैमानिकाच्या हातात होतं. त्यानंतर वैमानिकांसाठी छोट्या याद्या आल्या. त्यांत विमान कसं उडवायचं हे नव्हतं, जाणकाराच्याही नजरेतून निसटणाऱ्या गोष्टी होत्या. माल पाठवण्याच्या टेबलावरची यादीही तशीच असावी: पत्ता, नग, बिल, वेष्टनावरची खूण. पाच-सात ओळींच्या वर गेली की लोक न वाचताच बरोबरच्या खुणा करत सुटतात.

हे सगळं जागेवर आल्यावरच स्वतःचं दार लोटा. प्रश्नांसाठी दिवसातून दोन वेळा, समजा साडेअकरा आणि साडेचार, प्रत्येकी २० मिनिटं. मधल्या वेळात प्रश्न चिठ्ठीवर. अपघात आणि दारात उभं गिऱ्हाईक हे अपवाद. क्रम उलटा केला, म्हणजे नियम नसताना दार बंद केलं, तर माणसं हात बांधून बसतात, माल अडतो आणि दोन दिवसांत मालक वैतागून म्हणतो, "हे आपल्याकडे चालत नाही."

आता ऑर्डर घेण्याबद्दल, कारण बराच ताण आपण स्वतःच कबूल करून आणलेला असतो. हातातल्या कामांना आठवड्यात पुऱ्या होणाऱ्या कामांनी भागा. १८ कामं हातात आहेत, आठवड्याला ६ पुरी होतात, तर आज घेतलेलं काम साधारण ३ आठवड्यांनी बाहेर पडणार. "दहा दिवसांत देतो" म्हणालात तर पुढचे दहा दिवस काय होणार हे तुम्हाला आत्ताच माहीत आहे. 'तातडीचं' म्हणून एखादं काम पुढे घेतलं तर १८ चे १७ होत नाहीत, फक्त बाकीच्यांची तारीख ढळते. म्हणून हातातल्या कामांना मर्यादा घाला. १२ ठरवली तर शब्द २ आठवड्यांचा देता येतो. तेरावं गिऱ्हाईक आलं तर त्याला जागा मोकळी होण्याची तारीख सांगा. काही जातील. शब्द न पाळल्याने जाणाऱ्यांपेक्षा, माझ्या मते, हे जाणं स्वस्त पडतं.

पैशाची काळजी रात्री झोपू देत नाही, कारण खड्डा किती खोल आहे हे ठाऊक नसतं. १३ आठवड्यांचा, म्हणजे एका तिमाहीचा, तक्ता करा: आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक, येणं, जाणं, अखेरची शिल्लक. येणं लिहिताना बिलावरची मुदत बघू नका, गिऱ्हाइकाची सवय बघा. ३० दिवसांची मुदत असून ५० दिवसांनी देणारा माणूस ५०व्या दिवशीच लिहा. दर शुक्रवारी २० मिनिटं देऊन एक आठवडा पुढे सरकवा. सातव्या आठवड्यात शिल्लक उणे दिसली तर हातात सहा आठवडे आहेत. वसुलीचे फोन आजच सुरू करता येतात.

एकट्याचा धंदा असेल तर वहीतले प्रश्न गिऱ्हाइकांचे असतील, एवढाच फरक. नेहमीची उत्तरं लिहून ठेवा, कामांची मर्यादा मात्र अधिकच कडक हवी.

शेवटी चाचणी. आधी अर्धा दिवस फोन बंद, मग पूर्ण दिवस, मग तीन, मग आठवडा. प्रत्येक वेळी परत आल्यावर काय काय अडलं त्याची यादी मागा आणि त्यातल्या प्रत्येक ओळीचा नियम, तक्ता किंवा माणूस ठरल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका. पहिल्या अर्ध्या दिवसाची यादी लांब आली तर काही बिघडलेलं नाही. कोरी आली तर रजिस्टर उघडा. निर्णय झालेत पण कोणी लिहिलेच नाहीत, असं सुरुवातीला बरेचदा होतं.