रजिस्टरातला आमचा तालुका

शाळेच्या हीरक महोत्सवी अंकासाठी चार ओळी लिहा, असा निरोप आला आणि मला आधी आठवलं ते शाळेच्याच ऑफिसातलं लाल कापडी बांधणीचं जनरल रजिस्टर. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, म्हणूनही असेल.

1976 च्या जूनमध्ये मी पहिलीत गेलो. गुरुजी रजिस्टर उघडून रकाने भरत होते. जन्मस्थळ म्हापसा, कारण आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, बार्देशात गेलेली. 'मातृभाषा' या रकान्यापाशी गुरुजींनी टाक उचलला.

"मराठीच लिवा गुरुजी, फुडे भानगड नको," बाबा म्हणाले.

गुरुजी आईकडे वळले. "वहिनी, मातृभाषा म्हणजे आईची भाषा. तुम्ही सांगा."

आईचा पदर पावसाने भिजलेला. तिने एकदा बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, "कोंकणी." गुरुजींनी तेच लिहिलं. दप्तरी कागदावर आईचा शब्द असा उमटलेला मी त्यानंतर क्वचितच पाहिला.

बाबांची भीती अगदीच खोटी नव्हती. दहावीनंतर माझा अधिवासाच्या दाखल्याचा अर्ज एका कार्यालयातून परत आला. मुलगा गोव्यात जन्मलेला, मग महाराष्ट्राचा कसा? गोवा तेव्हा दमण-दीवसह केंद्रशासित होता. आमच्यासाठी मात्र ते आजोळ. गुरुजी रजिस्टरचा उतारा घेऊन सकाळच्या एसटीने सावंतवाडीला गेले आणि संध्याकाळच्या गाडीने दाखला घेऊनच परतले. दुपारी जेवले की नाही, हे मी विचारलंही नाही. आज ते फार लागतं.

पुढे 1999 मध्ये सावंतवाडीतून दोडामार्ग तालुका वेगळा झाला. दाखल्यांच्या टेबलावर बसल्यावर मला ते रजिस्टर खरं वाचता आलं. एकाच वाडीतल्या एकाच घरातली मुलं. थोरल्यापुढे 'ता. सावंतवाडी, जि. रत्नागिरी', 1 मे 1981 नंतरच्या भावापुढे 'जि. सिंधुदुर्ग', आणि त्याच्या मुलीपुढे 'ता. दोडामार्ग'. घर जागचं हललं नव्हतं. अगदी पहिल्या पानांवर, 19 डिसेंबर 1961 च्या आधी पलीकडे जन्मलेल्या मुलांपुढे 'पोर्तुगीज गोवा' असंही आहे.

भाषेच्या रकान्यात मराठी सर्वांत जास्त. मालवणी कुणीच लिहिलेली नाही, जरी मधल्या सुट्टीत सगळे तीच बोलत. मुसलमानवाडीतल्या मुलांपुढे उर्दू, ख्रिश्चन मुलांपुढे कोंकणी. तिलारी धरणाच्या कामावर आलेल्या विजापूरकडच्या मजुरांची मुलं दोन-दोन वर्षं टिकली, त्यांच्यापुढे कन्नड. रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी केरळातून आलेल्या घरांपुढे मल्याळम. त्यांतली एक मुलगी माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्गात होती. तिच्या अंगणात दोरीवर रबराच्या शीट वाळत घातलेल्या असायच्या, तो उग्र वास तिच्या वह्यांनाही यायचा. शुद्धलेखनात वर्गात तिचाच पहिला नंबर. डोंगरावरच्या धनगरवाड्यातली मुलं पावसाळ्यात ओढे उतरेपर्यंत येत नसत. त्यांच्या हजेरीच्या शेऱ्यात गुरुजींनी 'पाणी' एवढंच लिहिलंय.

आयनोडे, सरगवे ही नावं जन्मस्थळात पुन्हा पुन्हा येतात. महाराष्ट्र आणि गोव्याच्या संयुक्त तिलारी प्रकल्पात ही गावं बुडाली. एकदा एक म्हातारे गृहस्थ दाखल्यासाठी माझ्यासमोर बसले. मूळ गावाच्या ओळीवर माझं पेन थांबलेलं बघून म्हणाले, "लिव रे बाबा, आयनोडे. पाण्यात गेलो तरी गाव माझोच." शाळेच्या रजिस्टरात त्यांच्या मुलाची नोंद होती. तिच्या आधारे मी लिहिलं.

आपली शाळा सीमेवरची, म्हणून कुणी तिला आडबाजूची म्हणतं. मला ते पटत नाही. या मातीत कोण आलं, कुठून आलं, घरात काय बोललं, हे इतक्या नीट कुठल्याच कचेरीने लिहून ठेवलेलं नाही.

पहिल्या दोन खंडांना कसर लागली होती. आम्ही आमच्या बॅचने ते सावंतवाडीला नेऊन पुन्हा बांधून घेतलेत, पानापानाचे फोटोही काढलेत. समारंभाच्या दिवशी ते शाळेत परत येतील. मुख्याध्यापकांना एकच विनंती: पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. त्या भिंतीला मिरगापासून ओल येते.