पिग्मेंट शाई, वॉरंटी आणि माझं अडकलेलं पेन

सर्व्हिस सेंटरच्या फॉर्मवर एक रकाना असतो: 'वापरलेली शाई'. मी तिथे खरं तेच लिहिलं, 'पिग्मेंट'. त्या एका शब्दापायी माझं पेन अख्खा पावसाळा त्यांच्या खणात पडून राहिलं. अजूनही तो फॉर्म आठवला की डोकं फिरतं.

मुळात ही शाई हवी कशाला, असं घरातही सगळ्यांनी विचारून झालंय. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी घरात आलं तेव्हा कपाटाच्या खालच्या कप्प्यात आंब्याच्या बागेच्या वह्या होत्या. कुठल्या कलमाला मोहोर कधी आला, फवारणी कसली केली, पेट्या किती गेल्या, सगळं त्यांत. चिखल धुऊन पानं वाळवली तर बॉलपेनने लिहिलेलं बरंचसं वाचता आलं. सासऱ्यांच्या हातची रॉयल ब्लू शाईतली पानं मात्र नुसती निळसर झाली होती, अक्षर म्हणून काही उरलं नव्हतं. आता वह्या मी लिहिते. बॉलपेन दाबून लिहावं लागतं आणि माझा अंगठ्याचा सांधा ते सहन करत नाही. तेव्हा फाउंटन पेन हवं आणि शाई पाण्याला न हटणारी हवी, एवढा साधा हिशेब होता.

नेहमीच्या शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो, मिठासारखा. पिग्मेंट शाईत तो विरघळत नाही. हळदीसारखे त्याचे कण पाण्यात तरंगत असतात, फक्त हळदीपेक्षा कितीतरी बारीक. कागदावरचं पाणी उडून गेलं की हे कण धाग्यांत अडकून बसतात आणि मग पाणी ओतलं तरी निघत नाहीत. पेनाच्या आत पाणी उडून गेलं तर तिथेही नेमकं हेच होतं. धोका आहे तो एवढाच. शाई ओली असेपर्यंत ती पेनाचं काही बिघडवत नाही.

मी सेलर या जपानी कंपनीची सेइबोकू नावाची पिग्मेंट शाई घेतली, गडद निळी-काळी. काळीच हवी असेल तर त्यांची किवागुरो आहे आणि प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक आहे. या तिन्ही शाया फाउंटन पेनासाठीच बनवलेल्या आहेत, हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या इथल्या दुकानदाराने 'वॉटरप्रूफ पाहिजे ना वहिनी, ही घ्या' म्हणून चित्रकलेची ड्रॉइंग इंक पुढे केली होती. ती टाकाने किंवा ब्रशने वापरायची. तिच्यात लाख असते. पेनात भरलीत तर पेन संपलं म्हणून समजा.

आता पेन. कंपनीचं नाव घेत नाही. पेन चांगल्यापैकी महाग होतं आणि पहिल्या दिवसापासून त्याची एकच खोड होती: ओळीतला पहिला फटका उमटायचा नाही. 'क' काढायला जावं तर उभी रेघ गायब आणि गाठ तेवढी कागदावर. जरा दाबलं की लिहायचं. तेव्हा पेनात डब्यातून आलेलं त्यांचंच कार्ट्रिज, म्हणजे आयती शाई भरलेली नळी, होतं. दुकानात व्हॉट्सॲपवर कळवलं, तर उत्तर आलं, 'वापरत राहा मॅडम, निब हाताला बसेल.' निब काही बसली नाही. दरम्यान मी सेइबोकू भरून रोज लिहीत होते. खोड तशीच, ना कमी ना जास्त. शेवटी कन्व्हर्टर, म्हणजे कार्ट्रिजच्या जागी बसणारी, दौतीतून शाई भरायची नळी, रिकामा केला, पेन पाण्याने धुतलं आणि सर्व्हिस सेंटरला पाठवलं. फॉर्म भरला. तोच तो रकाना.

मग शांतता. फोन केला की 'टेक्निशियन बघतायत'. पुन्हा केला की 'टेक्निशियन रजेवर आहेत'. मग एक बाई बोलल्या, त्यांनी फॉर्म समोर घेतला असावा, कारण लगेच म्हणाल्या, 'मॅडम, तुम्ही पिग्मेंट शाई घातलीत ना? मग निब जाम होणारच. वॉरंटीत येत नाही हे.' मी म्हटलं, 'तक्रार पिग्मेंट शाई भरायच्या आधीची आहे, मेसेजची तारीख बघा.' त्या म्हणाल्या, 'ते दुकानाशी झालं असेल. आमच्याकडे फॉर्मवर जे आहे ते आहे.' पुढच्या फोनवर दुसरं कुणी, त्यांना पुन्हा पहिल्यापासून गोष्ट. एकदा तर मला शाईतच कसं चुकलं यावर छोटंसं भाषण ऐकवलं गेलं आणि शेवटी विचारलं, 'तुम्ही साधी शाई का नाही वापरत?' मी पुराचं सांगितलं नाही. कशाला सांगायचं?

गणपतीच्या सुमारास पेन परत आलं. जसंच्या तसं, सोबत एक चिठ्ठी: 'शाईमुळे बंद. स्वच्छ करून पाठवावे.' आणि आता ते खरोखरच बंद होतं! पाठवलं तेव्हा लिहीत होतं, पहिला फटका सोडला तर नीट लिहीत होतं. पेन वरवर कितीही धुतलं तरी निबेखालच्या जिभेच्या खाचांत, म्हणजे फीडमध्ये, थोडी शाई राहतेच. रोज लिहिलं तर ती वाहती राहते. त्यांच्या खणात इतके दिवस पडून ती वाळली. म्हणजे जो आरोप त्यांनी माझ्या शाईवर केला तो त्यांनी स्वतःच खरा करून दाखवला.

मग मी हट्टाला पेटले. पेन इतकं स्वच्छ करायचं की शाईचं नाव काढायला जागा राहू नये, आणि दोष निबेचा आहे हे पुराव्यानिशी दाखवायचं.

औषधाच्या दुकानातून कान धुवायची रबरी पिचकारी आणली. निबेचा पुढचा भाग पेनापासून सोडवायचा, कन्व्हर्टर बसतो त्या भोकाला पिचकारी लावायची आणि पाणी निबेतून बाहेर काढायचं. सुरुवातीला थेंबही जाईना. जोर करू नका, रात्रभर वाटीत बुडवून ठेवा. सकाळी वाटीत निळा धूर उतरल्यासारखा दिसला आणि पिचकारीने धार पडली. पाणी कोमट चालतं, कढत नको, आणि पेन एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, असेल तर गारच घ्या. एबोनाइटचा काळा रंग गरम पाण्याने हिरवट-तपकिरी पडतो. शेवटच्या पाण्याला मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरलं. ते गॅरेजमध्ये मिळतं, नळाच्या पाण्यातले क्षार मागे राहत नाहीत.

पाणी नितळ येतंय म्हणून पेन स्वच्छ झालं असं नाही. टिश्यूची घडी करून निब त्यावर टोकाने उभी ठेवायची. कागद फीडमधलं सगळं शोषून घेतो आणि तेव्हा कळतं. माझ्या टिश्यूवर तासाभराने चांगला रुपयाएवढा निळा-काळा डाग.

मग अमोनिया. पेनवाल्यांत चालणारा जुना उपाय आहे: एक भाग घरगुती अमोनिया, नऊ-दहा भाग पाणी, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब. पण हे घरगुती अमोनियाचं माप आहे, ते ५ ते १० टक्क्यांचं असतं. आपल्याकडे प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतं ते २५ टक्क्यांच्या आसपासचं. त्याला चाळीस भाग पाणी घ्या, खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. बाथरूममधलं ब्लीच जवळपासही नको, दोन्ही मिसळली तर विषारी वायू होतो. निब आणि फीड पंधरा-वीस मिनिटं बुडवायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. पितळी भाग असेल तर तो आधी काढून ठेवा, अमोनिया तांब्या-पितळेला खातो. स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचं द्रावण यातलं काहीही लावू नका, पेनाचं प्लॅस्टिक तडकतं किंवा विरघळतं.

तरीही डाग यायचा थांबेना. तेव्हा बाजारातल्या चष्म्याच्या दुकानदाराची आठवण झाली. त्यांच्याकडे चष्मे धुवायचं अल्ट्रासोनिक यंत्र असतं. गिऱ्हाइकं नव्हती, दुपारची वेळ होती. म्हणाले, 'ताई, टाका की, त्यात काय.' निब आणि फीड एका छोट्या काचेच्या पेल्यात पाण्यात घालून पेला यंत्रात ठेवला, म्हणजे त्यांचं यंत्र रंगायला नको. बटण दाबल्याबरोबर खाचांतून काळे ढग निघाले. ते स्वतः खुर्ची ओढून बघत बसले. पैसे घेतले नाहीत. या यंत्रात निब आणि फीडच घालायचं. लाखकाम किंवा सेल्युलॉइडचं पेन अख्खं टाकू नका.

त्यानंतरचा टिश्यू पांढरा राहिला. मला इतका आनंद झाला की मी त्याचा फोटो काढून ठेवला.

मग पुरावा. डब्यातलं जुनं कार्ट्रिज इंजेक्शनच्या सिरिंजने कॅमलच्या रॉयल ब्लू शाईने भरलं. लिहून बघितलं: पहिला फटका गायब! तीच खोड, कुठल्याही कणांशिवाय. दुसऱ्या, स्वस्तातल्या पेनात सेइबोकू भरली, तर ते एकही फटका न सोडता लिहीत होतं. दोन्हींचा एकच व्हिडिओ केला. शिवाय ओळखीच्या सोनाराकडचं दहापट मोठं दाखवणारं भिंग आणून निबेचं टोक बघितलं. चिरेच्या दोन्ही बाजूंच्या कडा आत जरा जास्तच गोल घासल्या गेल्या होत्या. मग शाई चिरेत वरच राहते, हलक्या हाताने लिहिलं तर कागदाला टेकतच नाही, दाबलं की टेकते. हा कारखान्यातल्या पॉलिशचा दोष. शाई वाळल्याची लक्षणं वेगळी असतात: पेन सुरुवातीला ठीक लिहितं, मग ओळीगणिक रेघ बारीक होत जाते, रंग गडद होतो, आणि धुतलं की काही दिवस सुधारतं. ज्यांना काउंटरवर 'शाईमुळे' असं ऐकवलं जातंय त्यांनी हा फरक पाठ करून जावा.

दुसऱ्या वेळी तो रकाना मी भरला: 'पेनासोबत आलेलं कार्ट्रिज'. त्यात खोटं काही नव्हतं, तक्रार त्याच कार्ट्रिजवरची होती. सोबत मेसेजचा स्क्रीनशॉट, बिल आणि व्हिडिओ. आणि काय आश्चर्य, थेट टेक्निशियनचाच फोन आला. भला माणूस. म्हणाला, 'मॅडम, निब बेबी बॉटम आहे, मी पाच मिनिटांत काढतो. पहिल्या वेळी माझ्यापर्यंत आलंच नव्हतं हे.' आत गोल घासलेल्या त्या कडांनाच पेनवाले बेबी बॉटम म्हणतात. म्हणजे सगळा पावसाळा पेन आणि भिंग यांची गाठच पडली नव्हती. पेन आलं आणि तेव्हापासून उत्तम लिहितंय. डब्यात 'कंपनीचीच शाई वापरावी' अशी छापील पट्टी होती. त्याच संध्याकाळी सेइबोकू भरली.

कुठल्या पेनात ही शाई घालावी असं मला विचारतात. टोपण घट्ट बसणारं पेन, आणि पूर्ण खोलता येणारं. पारखायची सोपी रीत अशी: आधी साधी शाई भरून पेन आठवडाभर उभं ठेवा, निब वर. उघडल्याबरोबर पहिलाच फटका उमटला तर पेन पास. प्लॅटिनमची प्रेपी स्वस्त आहे आणि तिचं टोपण याच कामासाठी बनवल्यासारखं आहे. आपल्याकडची ड्रॉपरने भरायची पेनंही वाईट नाहीत, कारण त्यांची निब आणि जीभ हाताने ओढून निघतात, जुना टूथब्रश खाचांतून फिरवता येतो. पण त्यांत शाई खूप मावते, ती अर्धीच भरा. पिस्टनवाली, म्हणजे शाई ओढायचा दट्ट्या पेनातच बसवलेली, पेनं मी तरी टाळते.

शाई संपली की लगेच नवी भरायची सवय असते, तसं सतत करू नका, मधूनमधून धुवा. मी अमावास्येला धुते, लक्षात राहतं म्हणून. बाहेरगावी जायचं असेल तर पेन रिकामं करून जा, विशेषतः मे महिन्यात. दुसरी शाई हिच्यात मिसळू नका. आयर्न गॉल प्रकारच्या निळ्या-काळ्या शाया आम्लधर्मी असतात, त्यांची गाठ पडली की कण एकमेकांना चिकटून गाळ होतो. पेनातली उरलेली शाई परत दौतीत ओतायची नाही. आणि गुळगुळीत, चकचकीत कागदावर ही शाई आत मुरत नाही, बोटाने पुसली जाते. वहीचा कागद आधी लिहून, वाळवून, नळाखाली धरून बघा. मी बागेच्या वहीचं कोरं पान असंच भिजवून पाहिलं, मग उरलेल्या वह्या घेतल्या.

कुरिअरने पेन पाठवताना कन्व्हर्टर घरीच ठेवा. माझा पहिल्या वेळी सोबत गेला तो परत आलाच नाही. विचारलं तर म्हणे, 'तशी नोंद आमच्याकडे नाही.' नवा विकत घ्यावा लागला.