दाराजवळची खुर्ची

नव्या नोकरीतील पहिली दोन वर्षे मी प्रत्येक बैठकीला दाराजवळच्या खुर्चीवर बसत असे. मनात आलेला प्रश्न मी वहीच्या समासात पेन्सिलीने लिहीत असे आणि शेजारच्याला तो दिसू नये म्हणून त्यावर तळहात ठेवून बसत असे. पेन्सिल अशासाठी की लिहिलेले खोडता यावे. दहा-पंधरा मिनिटांत बहुधा दुसरे कोणीतरी नेमका तोच प्रश्न विचारी आणि 'बरे झाले विचारलेत' असे चार जण म्हणत. हे कितीही वेळा घडले तरी माझे मत काही बदलत नसे. त्यांनी विचारला म्हणून तो चांगला प्रश्न ठरला. मी विचारला असता तर माझे अज्ञान तेवढे उघडे पडले असते, अशी माझी खात्री होती.

स्वतःविषयीची शंका पुराव्याला दाद देत नाही, हे मला फार उशिरा कळले. काम साधले की मी ते नशिबाच्या खात्यावर टाकत असे आणि बिघडले की स्वतःच्या. कोणी कौतुक केले तर आनंदाआधी भीती वाटे, कारण या माणसाला माझे खरे रूप अजून कळलेले नाही आणि ज्या दिवशी ते कळेल त्या दिवशी सगळेच संपेल, असे मन सांगत राही. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये नेमक्या याच अनुभवावर एक शोधनिबंध लिहिला होता. पदव्या, पदे, मानमरातब असे सारे काही मिळवलेल्या 150 हून अधिक स्त्रियांशी त्यांचा संबंध आला होता आणि त्यांतील अनेक जणी आपण तोतया आहोत, लोकांना फसवून इथवर पोहोचलो आहोत, असे मनापासून मानत होत्या. त्या लेखातील एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. अशा स्त्रियांना गटात एकत्र बसवण्याचा उपाय त्यांनी सुचवला होता, कारण स्वतःच्या बाबतीत जे दिसत नाही ते समोरचीच्या बोलण्यात लख्ख दिसते. 'अहो, तुम्ही स्वतःवर किती अन्याय करता आहात' असे तिला सांगताना आपलेच शब्द आपल्या कानांवर पडतात.

मला असा गट मिळाला नव्हता. माणसे मात्र भोवती भरपूर होती, आणि तरीही मी एकटी का, हे कोडे मला सुटत नसे. आपलेपणाच्या गरजेविषयी रॉय बाउमाइस्टर आणि मार्क लीअरी या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये केलेली मांडणी वाचली तेव्हा ते थोडे उलगडले. त्यांच्या मते या गरजेला दोन बाजू आहेत. माणसांशी वरचेवर, कटुता नसलेला संपर्क हवा, आणि त्याच्या मुळाशी एकमेकांविषयीची टिकाऊ आस्थाही हवी; एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. माझ्याजवळ संपर्क रोजचा होता. आस्थेला मात्र मीच वाट ठेवली नव्हती, कारण ज्या बाईची आस्था वाटावी ती मी तळहाताखाली झाकून ठेवली होती. हे लिहिताना अजूनही वाईट वाटते. त्या दोन वर्षांत माझ्याशी मैत्री करू पाहणाऱ्या निदान तिघांना मी नकळत दूर ठेवले.

याच काळात मी ध्येयही शोधत होते. तीन अभ्यासक्रम सुरू केले आणि तिन्ही अर्धवट सोडले. माझ्यासाठीच राखून ठेवलेले एखादे काम जगात कुठेतरी असेल आणि ते सापडले की शंका आपोआप मिटेल, असा माझा समज होता. आज वाटते की ध्येयाचा तो शोध म्हणजे तीच जुनी शंका होती. मला इथे असण्याचा अधिकार आहे का, एवढाच प्रश्न मी निराळ्या शब्दांत विचारत होते.

मग एक नवी सहकारी रुजू झाली. कामाचा क्रम तिला उमगत नव्हता, म्हणून मी एका पाठकोऱ्या कागदावर चौकोन आणि बाण काढून तो समजावला आणि ते विसरूनही गेले. काही महिन्यांनी कात्री शोधताना तिने खण उघडला, तेव्हा तो कागद खणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावलेला दिसला. त्याचे कोपरे दुमडले होते आणि माझ्या बाणांशेजारी तिने बारीक अक्षरात स्वतःच्या चार ओळी लिहिल्या होत्या. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. आपण या जागेला लायक आहोत का, हा प्रश्न तेवढ्या वेळात माझ्या मनात एकदाही आला नाही.

शंका गेली असे मी म्हणणार नाही. गेल्या आठवड्याच्या बैठकीत ती सहकारी दाराजवळ बसली होती, म्हणून मी तिच्या शेजारची खुर्ची घेतली. तिच्या वहीच्या समासात काहीतरी लिहिलेले होते आणि त्यावर तिचा तळहात होता. माझ्याही समासात एक प्रश्न होता, पेन्सिलीनेच लिहिलेला. मी हात वर केला. आवाज सुरुवातीला जरासा कापला. उत्तर द्यायला दोन मिनिटे लागली आणि चर्चा पुढच्या विषयाकडे वळली. तिने माझ्याकडे पाहिले आणि वहीवरचा हात बाजूला घेतला.