तुम्ही विचारलंत म्हणून: प्रिम्युलाला नुसतीच पानं का?

प्रिम्युला म्हणजे थंडीत फुलणारं कुंडीतलं फुलझाड. डिसेंबर संपत आला की हा प्रश्न हमखास येतो: 'प्रिम्युला पानांनी भरली, पण फुलाचा दांडा निघत नाही. कोणतं खत घालू?' कोणतंच घालू नका. नत्र वाढलं की पानं आणखी माजतात. या झाडात कळी धरते ती गार रात्रींमुळे.

विदर्भात बियांपासून करून पाहावी अशी जात म्हणजे प्रिम्युला मालाकॉइडिस, मूळची चीनच्या युनान प्रांताकडची. रात्री 10 ते 13 अंशांवर आल्या की दिवस लहान असो वा मोठा, ती कळी धरते. 16 ते 20 अंशांत दिवस लहान असेल तरच धरते. त्याहून उबेत झाड नुसतं पानं काढत राहतं. नागपूरकडे नोव्हेंबरच्या रात्री सरासरी 15-16 अंशांच्या असतात, डिसेंबर-जानेवारीच्या 12-13 च्या. फेब्रुवारी सरता सरता दुपार 33-34 वर जाते आणि खेळ आटोपतो. म्हणजे गारव्याचे दिवस मोजकेच, आणि तोवर रोप आठ-दहा पानांचं झालेलं हवं. दिवाळीनंतर बी टाकणाऱ्यांचं इथेच चुकतं: थंडी येते तेव्हा रोप चार पानांचं असतं.

म्हणून बी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टाका, सोयाबीन काढणीला येतं तेव्हा. अडचण अशी की उगवणीला 15 ते 20 अंश लागतात आणि बाहेर ऑक्टोबर हीट. घरातली सर्वांत गार जागा शोधा: मातीच्या भिंतीची खोली, रांजणाशेजारचा कोपरा. ट्रेखाली ओलं पोतं ठेवा. बी यंदाचंच घ्या. जुनं बी लवकर मरतं. धुतलेलं कोकोपीट दोन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग, जाड रेती एक भाग. बी धुळीसारखं बारीक असतं, म्हणून चिमूटभर कोरड्या रेतीत मिसळून वर भुरभुरवा. मातीनं झाकू नका, त्याला उजेड लागतो. वरून पाणी घातलं तर बी वाहून जातं. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्या. उगवायला दोन ते चार आठवडे लागतात.

तीन-चार पानांवर रोप छोट्या पिशवीत, मग सहा इंची कुंडीत. गड्डा, म्हणजे पानं फुटतात तो बुडखा, मातीच्या वरच राहिला पाहिजे. तो दबला किंवा त्यात पाणी साचलं की सडतो. काळी माती अजिबात नको. ती चिकट, वर चुनखडीची, त्यामुळे लोह लागू होत नाही आणि पान पिवळं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तसं दिसलं तर फेरस सल्फेट 2 ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी फवारा. अकोला-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यानं पानांच्या कडा करपतात. तिथं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवल्याशिवाय या फुलाच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कुंडीची जागा, कारण फूल बहुतेक वेळा इथंच अडतं. पूर्वेकडचं कोवळं ऊन दहापर्यंत मिळालं की पुरे. पण रात्री कुंडी टिनाच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या सिमेंट भिंतीला टेकून नको. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडत राहते. ओसरीत दिवा रात्रभर जळत असेल तर तीही जागा टाळा, कारण आपल्या नोव्हेंबरच्या उबेत झाडाला लांब रात्रीचा अंधारच कळीकडे नेतो. अंगणात उघड्या आभाळाखाली ठेवा. चिखलदऱ्यात, साधारण 1,100 मीटर उंचीवर, ही धडपड बरीच कमी होते.

दांड्यावर फुलांचे मजले असतात, खालचा आधी उमलतो. सगळे मजले सुकले की दांडा बुडाशी कापा, बाजूनं नवे येतात. कळी दिसल्यावर मात्र पोटॅश जास्त असलेलं विद्राव्य खत, 1 ग्रॅम लिटरला, पंधरा दिवसांतून एकदा चालेल. पानं फिकट, ठिपक्याठिपक्यांची झाली तर मागे लाल कोळी ही बारीक कीड शोधा आणि पान उलटून पाण्यानं धुवा.

रोपवाटिकेत मिळणारी ऑबकोनिका ही प्रिम्युलाची दुसरी जात दिसायला मोठी, पण तिच्या पानांवरच्या लवेतल्या प्रिमिन या द्रव्यानं काहींच्या हाताला खाजरे फोड येतात, हातमोजे घाला. आणि उन्हाळ्यात कोणतीच जात जगवायचा हट्ट नको. मार्चमध्ये रोप उपटा, माती उन्हात वाळवा, त्या कुंडीत चिनी गुलाब लावा.