थ्री-नॉट-थ्री

मोबाईलवर थ्री-नॉट-थ्री रायफलचा फोटो दाखवला आणि आमच्या गावच्या माजी सैनिक आबांचा उजवा हात आपसूक हलला. बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा दांडा: वर, मागं, पुढं, खाली. ऐंशी ओलांडलेला माणूस, चहाचा कप धरताना हात थरथरतो. पण ही हालचाल एकदम सफाईदार.

"थंडीत बोल्ट बोटाला चिकटायचा रं लेकरा. कातडं निघायचं."

बस, एवढंच बोलले.

मला जुन्या रायफलींचं भारी वेड. दहा गोळ्यांचं मॅगझिन, पाच-पाचच्या दोन क्लिपा, चार किलोच्या आसपास वजन, सगळं तोंडपाठ. १९६२च्या चीन युद्धात आपले बहुतेक जवान हीच रायफल घेऊन लढले. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढायचा, तोही हिमालयात! आणि आबा आपल्या मराठवाड्याच्या उन्हात वाढलेले.

सतरा सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला ते दरवर्षी येतात, मागं लिंबाखाली उभे राहतात. पुढच्या खुर्च्या पुढाऱ्यांच्या. मला हे फार लागतं. यंदा सरपंचांना सांगणार आहे, पहिली खुर्ची आबांची.

तुमच्या गावात ६२, ६५, ७१ च्या युद्धातलं कोण आहे? त्यांच्याजवळ बसून कधी ऐकलंय का?