टाच दुखत असताना पळायचा उत्साह टिकतो कसा?

"काकू, टाच दुखते म्हणता आणि पहाटे पळायलाही निघता. एवढा उत्साह आणता कुठून?" बडोद्याच्या कमाटीबागेपाशी, काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळ बुटांची नाडी बांधताना कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. उत्साह मला कधी कमी पडलाच नाही. पळायची चटक लागलेल्या माणसाला आवरणं अवघड, हाकलणं नव्हे. मला पुरवून पुरवून वापरावा लागला तो धीर.

तळव्याखाली टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅसिआ. माझं दुखणं त्याचं. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिलं पाऊल टेकवत नाही. चार पावलं चाललं की कळ ओसरते, आणि फसगत इथेच होते, कारण लगेच वाटतं, झालं की बरं, चला पळायला. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं की घरचे हबकतात, पण तसं हाड काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या टाचेलाही असतं.

यावर फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम अगदी नीरस आहे. जिन्याच्या पायरीवर पावलाचा फक्त पुढचा भाग टेकवायचा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, टाच हळूहळू वर, क्षणभर थांबायचं, मग पायरीच्या खाली जाईपर्यंत सोडायची. एक दिवसाआड. २०१५ साली डेन्मार्कमध्ये हा व्यायाम आणि नुसता तळवा ताणणं यांची तुलना झाली. ३ महिन्यांनी टाच उचलणाऱ्यांचा त्रास जास्त कमी झालेला होता, पण पहिल्या महिन्याला दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता, आणि वर्षाअखेरही नाही. मला यातला पहिला महिना महत्त्वाचा वाटतो. उपयोग दिसत नाही म्हणून बहुतेकजण तिथेच सोडतात.

म्हणून मी हिशेब ठेवते. भिंतीवरच्या कॅलेंडरात, दूध आणि इस्त्रीच्या नोंदींशेजारी, सकाळच्या पहिल्या पावलाला दहापैकी किती दुखलं तो आकडा. पळताना तीन-चारपर्यंत चालतं. दुसऱ्या सकाळी आकडा वाढला की अंतर कमी. रोज बघितलं तर काहीच हलत नाही, महिन्याचं पान उलटलं की कळतं. ज्या दिवशी पळणं बंद, त्या दिवशीही त्याच वेळी सायकल काढते. पहाटेची वेळ एकदा सुटली की परत धरायला फार जड जाते. (इथल्या विश्वामित्री नदीतल्या मगरी पाहूनही माझा वेग वाढलेला नाही, तेव्हा प्रेरणेचं फार कौतुक नको.)

घरात फरशीवर अनवाणी फिरणं मात्र बंद केलं. स्वयंपाकघरात चपला म्हटल्यावर सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. शेवटी घरातल्या घरात घालायचा वेगळा जोड आणला, देवघराबाहेर काढायचा, असं ठरलं. माझ्या मते निम्मा गुण त्या चपलांचा.

एक मात्र नीट ऐका. दुखणं एका बोटाने नेमकं दाखवता येत असेल, पळताना वाढतच जात असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पायाला मुंग्या येणं, बधिरपणा, हेही वेगळं प्रकरण. तिथे माझा व्यायाम नको आणि जिद्द तर मुळीच नको. पळणं थांबवून डॉक्टरांकडे जा.

आणि नवरात्राचं काय, असंही विचारता. बडोद्याचा गरबा, तोही मैदानात अनवाणी, नऊ रात्री! त्या दिवसांत मी पळतच नाही. टाचेला दोन्ही झेपत नाही, आणि दोन्हीतलं एक निवडायचं तर मी गरबा निवडते. मॅरेथॉन थंडीत असते, तोवर पुष्कळ वेळ मिळतो.